विकावं लागेल ते तुम्ही विका, वापरता येईल ते तसंच द्या

सप्रेम नमस्कार ताई,

माझं वय ७१. इंदुरात लोकमान्य नगरात राहते. सरकारी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. महिन्याला साधारण ५० हजार पेन्शन येते, एफडीचं व्याज वर्षाला दीड लाखाच्या आसपास. यजमान बँकेत होते, दोन वर्षांपूर्वी गेले. निमाडातल्या मुलींसाठी इथे एक ट्रस्ट वसतिगृह चालवतो. यजमानांच्या नावाने तिथे काहीतरी भरीव द्यायचं माझ्या मनात आहे.

माझ्याकडे आहे ते असं: यजमानांनी घेतलेले शेअर, आता माझ्या डीमॅटमध्ये आलेले, आजच्या भावाने ८ लाखांचे. आणखी काही शेअरची कागदी सर्टिफिकिटं त्यांच्याच नावाने कपाटात आहेत. राऊच्या पुढे १९९४ साली घेतलेला प्लॉट आहे, २२ लाखांना जाईल म्हणतात. सासूबाईंच्या पाटल्या, तोडे, ठुशी. २० लाखांची एफडी. शिवाय आजारपणात घेतलेला पलंग, ऑक्सिजनचं मशीन, व्हीलचेअर आणि यजमानांची तीन कपाटं पुस्तकं.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, आई, एक चेक लिही आणि मोकळी हो. भाचा म्हणतो, मावशी, प्लॉट दे, टॅक्समध्ये मोठी सूट मिळेल. ट्रस्टचे सचिव म्हणतात, तुम्ही जे द्याल ते घेऊ. मला आपलं वाटतं, सासूबाईंचं सोनं मुलींच्या कामी यावं. पण ट्रस्टने ते विकूनच टाकलं तर मग त्यात सासूबाईंचं काय राहिलं? काय द्यावं आणि कसं द्यावं, ते सांगाल का?

— एक वाचक


काकू, नमस्कार.

भाच्याच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण टॅक्सच्या सुटीचा हा समज इंदुरात घरोघरी आहे आणि त्यापायी लोक नको ती वस्तू नको त्या संस्थेच्या गळ्यात घालतात. प्राप्तिकर कायद्याच्या ८०जी या कलमाखाली सूट मिळते ती फक्त पैशांच्या देणगीवर. प्लॉट, सोनं, शेअर, गहू, पलंग, यांतलं काहीही वस्तू म्हणून दिलंत तर सूट शून्य. पैसेही चेकने, बँकेतून किंवा यूपीआयने गेलेले हवेत. रोख नोटा २,००० रुपयांपेक्षा जास्त दिल्या तर त्या देणगीवर सूट नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आल्यावर कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मी सगळ्यांच्या ओळखीची जुनी नावंच वापरते.)

बरं, पैसे दिले तरी तुम्हाला सूट किती मिळेल? हा हिशेब करूनच टाकू. ८०जी ची सूट फक्त जुन्या कर पद्धतीत आहे. जुन्या पद्धतीत तुमची ६ लाख पेन्शन, त्यातून ५० हजारांची ठरलेली वजावट, वर दीड लाख व्याज, व्याजावरची ज्येष्ठ नागरिकांची ५० हजारांची वजावट, असं सगळं करून साडेसहा लाख उरतात. बहुतेक ट्रस्टांना दिलेल्या देणगीसाठी या रकमेच्या १० टक्क्यांची मर्यादा असते, म्हणजे ६५ हजार. आणि त्याच्याही निम्म्यावरच सूट, म्हणजे साडेबत्तीस हजारांवर. २० टक्के दराने, सेस (करावर लागणारा उपकर) धरून, तुमचे वाचतात ६,७६० रुपये. तुम्ही ८ लाख द्या की २२ लाख, त्या वर्षी वाचणार तेवढेच. आणि ते वाचवायला जुन्या पद्धतीत राहून तुम्ही सुमारे ३४,८४० रुपये कर भरणार. नव्या पद्धतीत आज १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही, म्हणजे तुमच्या पेन्शन आणि व्याजावर मुळात कर शून्य आहे. तेव्हा ८०जी हा विषय तुमच्यापुरता मिटला. नव्या पद्धतीत राहा आणि सुटीचा विचार मनातून काढून टाका. हे एकदा झालं की निवड सोपी होते, कारण मग खरा प्रश्न तेवढा उरतो: कोणती गोष्ट त्या मुलींपर्यंत कमीत कमी झीज होऊन पोचेल?

बरीच वर्षं मी धर्मादाय संस्थांचे हिशेब बघते आहे. त्यातून माझं एक पक्कं मत झालंय. संस्था जी वस्तू आहे तशी वापरेल, ती वस्तू म्हणून द्यावी. जी तिला विकावी लागेल, ती आपण विकून पैसे द्यावेत. याला एक अपवाद आहे, शेअरचा. त्याच्याकडे येतेच.

सचिव म्हणाले ना, जे द्याल ते घेऊ? संस्थेची माणसं असंच म्हणतात. देणाऱ्याला नाही म्हणायचा त्यांना संकोच वाटतो, आणि उद्याची देणगी हातची जाईल अशी भीतीही असते. पण वस्तू तुमच्या दारातून बाहेर पडली म्हणजे काम संपत नाही, ते त्यांच्या अंगावर जाऊन पडतं. एका वसतिगृहाची कोठी मी पाहिली होती. दाराशीच दोन शिवणयंत्रं, एकाला पट्टा नाही, दुसऱ्याचा शटल गेलेला. त्यामागे छतापर्यंत साड्या, जरीच्या, लग्नात नेसायच्या. मुली तर बारा ते सतरा वर्षांच्या. एक मोठा टीव्ही, मागे फुगवटा असलेला, जुना. आणि या सगळ्याच्या आड गव्हाची पोती, ज्यांच्यापर्यंत पोचायला बाईंना रोज साड्यांचे गठ्ठे हलवावे लागत. देणाऱ्या प्रत्येकाने मनापासून दिलं होतं, यात मला शंका नाही. पण विचारलं कोणीच नव्हतं.

म्हणून तुमच्या घरातल्या वस्तूंचं आधी बघू, कारण त्या खरंच मोलाच्या आहेत. पलंग, ऑक्सिजनचं मशीन, व्हीलचेअर यांचं वसतिगृहाला काही काम नाही. पण इंदुरात रुग्णांना असं सामान अनामत घेऊन वापरायला देणारी मंडळं आणि संस्था आहेत. त्यांच्याकडे या वस्तू आल्या दिवसापासून फिरायला लागतात. मशीन देण्याआधी तंत्रज्ञाला बोलावून तपासून घ्या, फिल्टर बदला, नळी आणि नाकातली कॅन्युला नवी घेऊन जोडा, खरेदीची पावती आणि माहितीपुस्तिका असेल तर पिशवीत घालून मशीनलाच बांधा. पलंगाची फिरवायची दांडी कुठे पडली आहे तेही शोधा. तेवढ्या एका दांडीवाचून कितीतरी पलंग संस्थांकडे नुसते पडून असतात. पुस्तकांची आधी यादी करा आणि यादीच पाठवा. ग्रंथालय त्यातून हवी ती निवडेल. तीन कपाटं एकदम पाठवलीत तर निम्मी रद्दीत जातील, आणि ते कळल्यावर तुमच्या जिवाला लागेल.

वसतिगृहाला वस्तूच द्यायची असेल तर गव्हासारखी वस्तू नाही. आपल्या माळव्यात एप्रिल-मेमध्ये घरोघरी वर्षाचा गहू भरतात, तेव्हाच त्यांचाही भरून द्या. त्यांच्या स्वयंपाकीणबाईंना विचारा, लोकवन हवा की शरबती, आणि ठेवायला कोरडी जागा किती पोत्यांची आहे. मंडीतून थेट त्यांच्या दारात उतरवा. हे दान मला फार आवडतं, कारण त्याची पोळी होऊन ते मुलींच्या ताटात जातं, मधे कुठेच अडत नाही. यावरही सूट नाहीच, पण तुम्हाला ती कशाला हवी आहे?

आता शेअर. इथे माझा वरचा नियम उलटा होतो, कारण शेअर विकायला संस्थेला त्रास जवळजवळ नाही आणि तुम्हाला मात्र कर लागतो. यजमानांनी शेअर कधी घेतले, कितीला घेतले, तीच तारीख आणि तीच किंमत तुमच्या हिशेबात धरायची. ३१ जानेवारी २०१८ च्या आधीची खरेदी असेल तर मूळ किमतीऐवजी त्या दिवसाचा भाव धरता येतो, तो जास्त असेल तर. समजा, तुमच्या शेअरची त्या दिवशीची किंमत ३ लाख होती. आज ८ लाख. सगळे एकदम विकलेत तर ५ लाख नफा. त्यातले सव्वा लाख माफ, उरलेल्या पावणेचार लाखांवर साडेबारा टक्के, वर सेस, म्हणजे ४८,७५० रुपये कर. पेन्शनवरचा कर शून्य झाला तरी हा कर शून्य होत नाही, तो वेगळाच लागतो. म्हणजे विकून दिलेत तर एक तर मुलींना ७ लाख ५१ हजार मिळतील, नाहीतर फरक तुम्ही खिशातून घालाल.

तेच शेअर न विकता थेट ट्रस्टच्या डीमॅट खात्यात दिलेत तर? व्यक्तीने भेट म्हणून दिलेल्या मालमत्तेला कायदा विक्री मानत नाही. त्यामुळे तुम्हाला भांडवली नफ्याचा कर नाही. प्राप्तिकर खात्याकडे नोंदलेल्या धर्मादाय ट्रस्टलाही ही भेट मिळाल्याबद्दल कर नाही. ट्रस्टला शेअर कायमचे ठेवता येत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात आले ते वर्ष संपल्यावर एका वर्षाच्या आत विकून पैसे मान्य ठिकाणी गुंतवावे किंवा कामाला लावावे लागतात. पैसे वसतिगृहावर खर्च झाले की ट्रस्टलाही त्या नफ्यावर साधारणपणे कर बसत नाही. ८ लाखांचे ८ लाख पोचले.

मात्र सगळे शेअर सारखे समजू नका. यादी काढून प्रत्येकासमोर नफा-तोटा लिहा. ज्यात भरपूर नफा आहे ते शेअर म्हणूनच द्या. ज्यात तोटा आहे ते कधीही तसे देऊ नका. ते विका, तोटा तुमच्या नावावर नोंदवा, तो दुसऱ्या नफ्यातून वजा करायला उपयोगी येईल, आणि आलेले पैसे चेकने द्या. हा फरक पुष्कळ जण करत नाहीत आणि हातची सवलत सोडून देतात.

ट्रस्टकडे डीमॅट खातं नसेल तर? लहान संस्थांकडे बहुधा नसतंच, आणि एका देणगीसाठी ठराव करून, सगळ्या विश्वस्तांची कागदपत्रं गोळा करून खातं उघडायला सांगणं मला बरं वाटत नाही. मग दुसरा मार्ग. सव्वा लाखाची माफी दरवर्षी नव्याने मिळते. तुमच्या शेअरमध्ये ८ लाखांत ५ लाख नफा आहे, म्हणजे सुमारे २ लाखांचे विकले की सव्वा लाख नफा होतो आणि कर काहीच नाही. २ लाखांचे मार्चमध्ये विका, २ लाखांचे एप्रिलमध्ये. दोन वेगळी आर्थिक वर्षं, दोनदा माफी, आणि महिन्याभरात ४ लाख बिनकराचे हातात. उरलेले पुढच्या दोन वर्षांत. बाजार मधे पडू शकतो, हा धोका आहे आणि तो मी लपवत नाही. पण वसतिगृहाच्या दृष्टीने दरवर्षी ठरलेल्या महिन्यात २ लाख येणं हे एकदम आलेल्या ८ लाखांपेक्षा पुष्कळदा जास्त कामाचं असतं. जूनमध्ये प्रवेश होतात, वह्या-गणवेशाचा खर्च तेव्हाच उभा राहतो.

कपाटातली कागदी सर्टिफिकिटं मात्र कोणाला देण्याचा विचार आज करू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी ते डीमॅट व्हावे लागतात. आणि त्याही आधी यजमानांच्या जागी तुमचं नाव लागायला हवं. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, तुमच्या सहीचा बँकेकडून दाखला, हे सगळं कंपनीच्या रजिस्ट्रारकडे जाईल. एखाद्या कंपनीचा लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत गेलेले असू शकतात. तिथून परत मिळतात, पण अर्ज करावा लागतो. हे काम मुलाकडे सोपवा. त्याला चेक लिहून मोकळं व्हायचं आहे ना, मग ही फाईल त्याच्या हातात द्या. त्यातून काही निघालं तर पुढच्या देणगीचं पुढे बघू.

प्लॉट. काकू, इथे मी तुम्हाला स्पष्ट सांगते: प्लॉट ट्रस्टला देऊ नका.

जमीन भेट द्यायची तर दानपत्राची रजिस्ट्री करावी लागते, दोन साक्षीदार लागतात, आणि तुम्ही हयात असताना ट्रस्टने ती स्वीकारावी लागते. स्टॅम्प ड्यूटी कलेक्टर गाईडलाइनच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराने बसते, ती तुम्ही भरा नाहीतर त्यांनी. एकदा दिलेलं दान सहजी परत घेता येत नाही. हे सगळं झालं तरी राऊच्या पुढच्या रिकाम्या प्लॉटवर निमाडातल्या मुली राहायला जाणार आहेत का? नाही. ट्रस्टला तो विकावाच लागणार. आणि इथे खरी अडचण आहे. मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ च्या कलम १४ प्रमाणे सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची तर रजिस्ट्रारची आधी मंजुरी लागते. म्हणजे एसडीएम (उपविभागीय अधिकारी) कार्यालयात अर्ज, मूल्यांकन, सुनावण्या, तारखा. तोवर प्लॉटला कुंपण कोण घालणार, शेजाऱ्याने भिंत दोन फूट आत घेतली तर तहसीलमध्ये कोण जाणार? वसतिगृहाचे सचिव. ज्यांनी मुलींच्या शाळेच्या फीचं बघायला हवं ते.

ही मंजुरीची अट उगीच नाही. आपल्या इंदूरकरांना याचं सगळ्यात मोठं उदाहरण घरचंच आहे. अहिल्यादेवींच्या काळापासूनच्या देशभरातल्या मंदिरं, घाट, धर्मशाळांच्या देखभालीसाठी १९६२ मध्ये ‘खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट’ या नावाचा ट्रस्ट झाला. त्यातल्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद झाला, तो उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रस्टला याच १९५१ च्या कायद्याखाली नोंदणी करायला सांगितलं आणि पूर्वी झालेल्या विक्रीव्यवहारांची कागदपत्रं रजिस्ट्रारने तपासावीत असा आदेश दिला. दान दिलेली जमीन कोणी परस्पर विकू नये म्हणून कायदा कडक आहे, आणि तो असायलाच हवा. पण तुमचा उद्देश जमीन जपण्याचा नाही. तुम्हाला मुली शिकायला हव्या आहेत. मग त्यांच्यासाठी दिलेलं दान या कडक वाटेवर कशाला अडकवायचं?

प्लॉट तुम्ही विकलात तर कर लागेल, हे खरं. २००१ च्या आधीची खरेदी असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. ती समजा २ लाख निघाली, तर २० लाख नफ्यावर साडेबारा टक्के आणि सेस, २ लाख ६० हजार. महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांनी भरायचा पर्यायही आहे, पण या आकड्यांत तो महाग पडतो. शिवाय त्या वर्षी तुमचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या वर गेल्याने पेन्शन आणि व्याजावरची शून्य कराची सवलत जाईल, तिथे आणखी चौदा-साडेचौदा हजार. म्हणजे पावणेतीन लाखांची झीज. एवढं पाणी सोडूनही मी विकाच म्हणते, जर प्लॉट द्यायचाच असेल तर. १९-२० लाखांचा चेक ट्रस्टच्या हाती पडेल आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला येईल.

पण आजच द्यायलाच हवा का? मला नाही वाटत. तुम्ही ७१ वर्षांच्या आहात, एकट्या राहता, आणि पुढची वीस वर्षं तुमचीही आहेत. प्लॉट राहू द्या. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसमोर सही करा, आणि त्यात असं लिहा की प्लॉट विकावा आणि कर, खर्च जाऊन जी रक्कम येईल ती ट्रस्टला द्यावी. ‘प्लॉट ट्रस्टला द्यावा’ असं लिहू नका. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून नाव मुलाचं घाला, आणि आज त्याला समोर बसवून हे सांगा. रजिस्ट्री, नामांतरण, कर भरल्याच्या पावत्या एका फाईलमध्ये लावून ठेवा. आपल्याकडे गृहनिर्माण संस्थांच्या आणि नोटरीवर घेतलेल्या प्लॉटांचे किती गुंते आहेत, हे तुम्हाला मी काय सांगू. तुमचा साफ असेल तर उत्तम, नसेल तर ते आजच कळलेलं बरं.

एफडीला हात लावू नका. वीस लाख ही तुमच्या दवाखान्याची तरतूद आहे.

आता सोनं. तुमचा प्रश्न मला पत्रात सगळ्यात जास्त भिडला, आणि त्याला सरळच उत्तर देते. हो, ट्रस्ट ते विकणारच. त्याला पाटल्या ठेवायला लॉकर नाही आणि ठेवून उपयोग नाही. शिवाय विकताना विश्वस्तांची कुचंबणा होते. कोणत्या दुकानात, कोणत्या भावाने, घट किती धरली, यावर उद्या कोणीही बोट ठेवू शकतं. सराफ्यात जुने तोडे घेऊन जाल तेव्हा बघा. सोनार आधी हलवून बघेल, मग एका टोकाला तापवेल. जुने तोडे पुष्कळदा पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. ती वितळून बाहेर येते, काळी, वास मारणारी, आणि वजनाचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत उतरतो. ठुशीच्या मण्यांतूनही लाख निघते. मग कसोटीवर घासून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढतात. तो २२ कॅरेटच्या खाली निघाला की घरात वर्षानुवर्षं जो आकडा सांगत आलो तो आणि हातात पडणारी रक्कम यांत बरंच अंतर पडतं. हे सासूबाईंच्या दागिन्यांचं होणार असेल तर ते तुमच्यासमोर व्हावं, परक्या माणसासमोर नाही. दोन दुकानांत वजन आणि टंच करून घ्या, पावती घ्या, पैसे बँकेतच घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. सोन्याच्या नफ्यावरही साडेबारा टक्के कर आहे आणि सव्वा लाखाची ती माफी इथे नाही.

पण माझ्या मनातलं सांगू? सगळं सोनं विकू नका. नात किंवा सून असेल तर ठुशी तिच्या गळ्यात शोभेल, आणि सासूबाईंचं त्यात जे आहे ते तिथेच राहील. पाटल्या आणि तोडे तुम्हाला द्यायचेच असतील तर विका, आणि त्या पैशांतून मुलींना रोज हाताला लागेल अशी एखादी वस्तू घ्या. पाणी तापवायचा सोलर हीटर, अभ्यासिकेची टेबलं, किंवा पीठ मळणारं यंत्र. काय हवं ते त्यांच्या बाईंना विचारून ठरवा. वस्तूवर सासूबाईंचं नाव घाला. त्यांचं दागिन्यांतलं सोनं मुलींच्या कामी आलं, असं तुम्ही मग निःशंकपणे म्हणू शकाल.

शेवटी यजमानांच्या नावाचं. शेअरचे ८ लाख किंवा दरवर्षीचे २ लाख देताना सोबत एक पत्र द्या. रक्कम कायम निधीत जमा करायची की चालू खर्चाला वापरायची, ते त्यात स्पष्ट लिहा. कायम निधीत ८ लाख ठेवून साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला ५२ हजार येतील, दर वर्षी, मुद्दल न मोडता. वसतिगृहात एका मुलीचा वर्षाचा खर्च किती येतो ते सचिवांना विचारा, आणि ५२ हजारांत किती मुली बसतात ते त्यांच्यासोबत बसून काढा. यजमानांच्या नावाने ‘इतक्या मुलींचा वर्षाचा खर्च’ असं लिहून घ्या. चालू खर्चाला दिलेत तर पैसे लवकर कामाला येतात, पण संपतात. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्हाला कायम निधी जास्त भावेल. पत्रात काही लिहिलं नाहीत तर रक्कम चालू खर्चात जाईल, आणि मग त्यांना दोष देता येणार नाही.

देण्याआधी ट्रस्टचे गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागा. धर्मादाय म्हणून प्राप्तिकर खात्याची नोंदणी चालू आहे का, तेही बघा, कारण शेअर द्यायचे असतील तर ती नोंदणी नसल्यास त्यांनाच भेटीवर कर बसेल. मागायला संकोचू नका. चांगली संस्था हिशेब हातात ठेवूनच बसलेली असते. शेअर द्यायचं ठरलं तर ट्रस्टच्या डीमॅट खात्याचा क्रमांक आणि पॅन त्यांच्या लेटरहेडवर, दोन विश्वस्तांच्या सहीने मागवा. तुमच्या डीपीकडून, म्हणजे तुमचं डीमॅट खातं जिथे आहे त्या बँकेकडून किंवा ब्रोकरकडून, हस्तांतराची स्लिप घ्या, कारणाच्या रकान्यात भेट किंवा दान लिहा, आणि पहिल्या खेपेला एकाच कंपनीचे थोडे शेअर पाठवा. ते त्यांच्या खात्यात दिसल्याचा कागद हातात आला की मग बाकीचे पाठवा.